जाळ नसलेला लायटर

टेम्पोत ट्रंक चढली, भांड्यांचं पिंप चढलं, आणि सासूबाई अशा रडल्या, जणू आम्ही आफ्रिकेला निघालोय. जायचं होतं फक्त बोईसरला! सासरे रडले नाहीत. त्यांनी कमरेचा दोरीचा लायटर काढून यांच्या हातात दिला. "वाऱ्यात काडी इजते, ही दोरी नाय इजत. आन् हिला जाळच नाय, मंग भ्या कसलं?"

गावातल्या जावा-नणंदांनो, तुम्ही तो पाह्यलाय. पितळी नळी, आत सुताची दोरी, वर दातेरी चाक. चाक फिरवलं की ठिणगी दोरीवर पडते, फुंकर घातली की टोक लाल होतं, त्यावर बिडी पेटवायची. मग दोरी खाली नळीत ओढली की आपोआप विझते. मासळीच्या बोटीवर सगळ्या बाप्यांकडे असायचा. त्याला विस्तव कुणी म्हणतच नव्हतं.

बोईसरला यांना केमिकल कंपनीत काम लागलं. ड्रममधून सॉल्व्हंट काढायचं, पेट्रोलसारखं भडकणारं. वासानेच माझं डोकं भणभणायचं. गेटवर काडेपेट्या काढून घेत. हे काडेपेटी इमानदारीत द्यायचे आणि लायटर खिशात ठेवायचे. मी टोकलं की म्हणायचे, "अगं, हिला जाळ कुठं हाय?" मला समुद्राची भीती कधी वाटली नाही, तो समोर दिसतो तरी. या कंपनीची मात्र पहिल्या दिवसापासून धास्ती बसली होती.

जुनी दोरी संपली तेव्हा यांनी बाजारातून नवी आणली, जाडसर. त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती. उंबऱ्यावर बसून बिडी ओढली, लायटर गोणपाटावर ठेवून चपला घातल्या, लायटर खिशात टाकला आणि गेले. थोड्या वेळाने जळक्या सुताचा वास आला. बघते तर गोणपाटाला भोक, आणि त्याची कड अजून लाल. जाड दोरी नळीत शिरलीच नव्हती. ती तशीच धुमसत यांच्या खिशातून कंपनीत चालली होती.

कडेवरच्या लेकीला शेजारच्या भाभीच्या मांडीवर टाकलं नि गोणपाट घेऊन पळत सुटले. त्या बाईचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. गेटवर चौकीदाराला म्हटलं, "आदमी का जेब में आग हाय!"

तो हसला. "जेब में पैसा होता है, बहनजी."

मी गोणपाट त्याच्या नाकासमोर धरलं. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं आणि तो आत धावला. मी गेटचे गज धरून उभी राहिले. आता आवाज होईल, आता होईल, एवढंच मनात. गावदेवीचं नावसुद्धा तोंडात येईना.

दोघं बाहेर आले. यांच्या अंगात शर्ट नव्हता. तो चौकीदाराच्या हातातल्या वाळूच्या लाल बादलीत लायटरसकट खुपसलेला होता. हे कपडे बदलत होते तिथेच सापडले, आणि पलीकडच्या दाराआडच ते ड्रम होते. छातीवर रुपयाएवढा चट्टा. मला म्हणतात कसे, "जाळ नव्हता गं." तिथल्या तिथे थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि रडूच फुटलं.

चौकीदाराने साहेबाला सांगितलं नाही. नोकरी राहिली. तो लायटर मीच खाडीत फेकला. पण भीती कुठे फेकणार? अवेळी सायरन वाजला की मी हातातलं काम टाकून दारात, आणि भाभीही तिच्या दारात. तिचा नवराही त्याच कंपनीत होता. आम्ही एकमेकींशी बोलत नसू, नुसत्या रस्त्याकडे बघत असू.

पुढे शिमग्याला मी लेकीला घेऊन गावी आले. यांना रजा नव्हती. सासूबाईंनी सुका बोंबील बांधून दिला, म्हणाल्या, "ऱ्हा की गो आजून, आपलंच घर हाय."

मी म्हटलं, "नको आई, यांची शिफ्ट सुटायच्या आत मला घरी पोचलं पाहिजे."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. सासूबाईंनाही. त्यांनी बोंबलाची गाठ पुन्हा सोडली, पुन्हा बांधली, आणि म्हणाल्या, "जा बाय, घरी जा."