‘अन्य’मधले काकाजी

“तुला विचारलं का कुणी?”

टीव्हीवर निवडणुकीचा ओपिनियन पोल लागला की काकाजींचा हा प्रश्न ठरलेला. मला विचारायचे, काकूंना विचारायचे, आम्ही दोघी नसलो तर दूधवाल्याला. “मला नाही विचारलं. हिला नाही विचारलं. अख्ख्या लक्ष्मी गेट मोहल्ल्यात एकाला विचारलेलं नाही. मग हे आकडे काय आभाळातून पडले?” मग चष्मा कपाळावर सरकवून टीव्हीच्या अगदी जवळ जायचे आणि सगळ्यात खाली ‘अन्य’ लिहिलेली करडी पट्टी असते ना, तिच्यावर बोट टेकवायचे. “हे बघ. इथे आहोत आपण.”

“बोट उचला आधी, काचेवर डाग पडतो,” काकू आतून ओरडायच्या.

हरणाऱ्याच्या मागे जीव तोडून उभा राहणारा असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपण त्याला हसतो, चहा पाजतो, आणि मत दुसऱ्यालाच देतो. मी तेच केलं, म्हणून हे लिहिते आहे.

काकाजी रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. झाशीतल्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. मी विमा कचेरीत नोकरी करते, तोंडानं जरा फटकळ आहे, आणि काकाजींना तेच आवडायचं. “ही खोटं बोलत नाही,” असं ते चारचौघांत सांगायचे. मला बरं वाटायचं, कशाला नाकारू?

त्यांचे उमेदवार म्हणजे एक मास्तर. मूळचे जवळच्या गरौठ्याचे, नोकरी सगळी झाशीत झालेली. बंद पडलेल्या सरकारी शाळा उघडा, एवढं एकच मागणं घेऊन अपक्ष उभे राहिले. निशाणी मिळाली खाट. झालं! सगळा बाजार म्हणायला लागला, “मास्टरजी की खटिया खड़ी हो गई.” काकाजी हसण्यावारी न्यायचे. उमेदवारीच्या अर्जावर दहा मतदारांच्या सह्या लागतात, त्यातली पहिली सही काकाजींची होती. ती करताना नवं धोतर नेसून गेले होते.

एकदा खरंच गल्लीत सर्वेक्षणवाली मुलगी आली. हातात टॅबलेट, डोक्यावर ओढणी. ती ठरावीक घरंच घेत होती आणि काकाजींचं घर त्यात नव्हतं. हे बिचारे तिच्यामागे तीन घरं फिरले. “बेटा, हमसे भी पूछ लो.” शेवटी तिनं दया येऊन विचारलं. काकाजींनी मास्तरांचं नाव सांगितलं. तिनं वर-खाली बोट फिरवलं.

“अंकल, ये नाम तो नहीं है. अन्य कर दूँ?”

“अन्य कर दो, पर बगल में नाम लिख देना.”

“अंकल, अन्य में नाम नहीं होता.”

त्या दिवशी काकाजी पहिल्यांदा चिडलेले पाहिले मी. “हे विचारायला येतच नाहीत,” मला म्हणाले. “हे सांगायला येतात. कोण जिंकणार ते आधी सांगून टाकायचं, म्हणजे लोक मुकाट त्याच्यामागे जातात. म्हणतात, मत कशाला फुकट घालवा! बाई गं, मत काय बसचं तिकीट आहे, गाडी सुटली की फुकट जायला?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचाच पोल सुरू केला. वही घेतली, सीपरी बाजारच्या ऑटोत बसले आणि दुकान दुकान फिरले. “सच बताना भैया, दबाव कोई नहीं है.” लोकांनी काय सांगावं? झाशीत म्हाताऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. भाजीवाली म्हणाली, “काए चिंता करत काकाजी, वोट खटियई खों जैहै.” मत खाटेलाच, असंच शिंपी म्हणाला, सलूनवाला म्हणाला. वहीत रेघांवर रेघा. संध्याकाळी काकाजी वही माझ्यापुढे नाचवत म्हणाले, “बघ! आपण जिंकतोय!” ते लोक तुमचं मन राखताहेत, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, “वा!” मोठी खरं बोलणारी!

फक्त काकूंनी मन राखलं नाही. “मी नाही हो देणार खाटेला. आधी आपल्या घरच्या खाटेची नवार विणा.” काकाजींनी प्रामाणिकपणे त्यांची रेघ विरुद्ध बाजूला ओढली.

मतदानाच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. “तुझं काय ते खरं सांग. नाही म्हणालीस तरी मला राग नाही.”

“म्हणजे काय काकाजी! तुम्हालाच.” मी अगदी मनापासून म्हणाले. त्या क्षणी तरी देणारच होते.

आणि सकाळी यंत्रासमोर उभी राहिले. खाट खालून तिसरी होती. पण महिनाभर टीव्हीवर ऐकलेलं डोक्यात बसलं होतं, लढत दोघांतच आहे, घासून आहे, एकेक मत मोलाचं आहे. मनात आलं, मास्तर तर येत नाहीतच, मग आपलं मत कशाला फुकट घालवा? काकाजी म्हणाले होते ते अगदी तस्संच झालं, आणि माझ्याच हातून झालं. बोट वर सरकलं. बाहेर आले तर काकाजी झाडाखाली उभे. मला बघून हसले.

मोजणीच्या दिवशी ते मास्तरांचे प्रतिनिधी म्हणून आत बसले होते. जाळीपलीकडे एकेक यंत्र येतं, आकडे वाचतात, प्रतिनिधींनी लिहून घ्यायचे. आमच्या केंद्राचं यंत्र नेमकं त्यांच्याच टेबलावर आलं. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मी काकूंपाशीच बसले होते. चेहरा उतरला होता. वही कोपऱ्यात ठेवली.

“मास्तर पडले. ते पडणारच होते म्हणा.” पाणी प्यायले. “आपल्या केंद्रावर दोन मतं आहेत.”

मला कुठे बघावं कळेना.

“सगळ्यांनी मन राखलं माझं. सगळ्या गल्लीनं,” काकाजी म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं आणि त्या माणसाचे डोळे भरून आले हो. “एक माझं, एक तुझं. बाकी जाऊ दे. एका माणसाला तरी आपलं म्हणणं पटलं.”

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. म्हटलं, “काकू, मी...”

“ठाऊक आहे,” त्या कणीक मळत म्हणाल्या. “दोनच आहेत ना? मग दुसरं माझं.”

“पण तुम्ही तर...”

“तोंडानं म्हणायची मी. आत गेल्यावर दुसऱ्या कुणावर बोट ठेववेना.”

“मी आत्ता सांगते त्यांना.”

काकूंनी पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं. “खबरदार! बायकोनं दिलं तर काय दिलं? नवऱ्याकडे बघून दिलं म्हणतील. तुझं बाहेरचं आहे, म्हणून त्याची एवढी किंमत. तेवढं एक राहू दे त्यांच्यापाशी.”

राहू दिलं. पुढची जवळजवळ पाच वर्षं राहू दिलं. दिवाळीचा पहिला फराळ माझ्याकडे यायचा. पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, “ही ती.” काकूंना चिडवायचे, “तू नाही दिलंस, हिनं दिलं!” काकू म्हणायच्या, “हो, दिलं बाई तिनं.” कितीदा वाटलं, सांगून मोकळं व्हावं. पण सांगायचं म्हणजे त्यांच्या हातातलं काढून घ्यायचं. माझी लाज मी गिळली, दुसरं काय करणार?

यंदा थंडीत काकाजी गेले. तीन दिवस ताप आला काय आणि माणूस गेला काय.

तेराव्याला गरौठ्याहून मास्तर आले. खूप वाकले होते. काकूंना भेटले, फोटोला हात जोडले, मग हळूच विचारलं, “वो बहनजी कौन हैं, जिन्होंने वोट दिया था?”

मी भिंतीशी उभी होते. काकूंनी माझ्याकडे हात केला. “यही हैं.”

मास्तर माझ्यापुढे आले. हात जोडले. “जब भी हिम्मत टूटती थी, काकाजी फोन पर आपकी बात करते थे. कहते थे, मास्टरजी, एक तो है जिसे बात जँची. उसी के भरोसे इस बार फिर खड़ा हो रहा हूँ.” मग म्हणाले, “पिछली बार पहला दस्तख़त उनका था. अबकी आपका हो, तो...”

मी काकूंकडे बघितलं. म्हटलं, आता तरी ही बाई खरं सांगेल, मला सोडवेल.

काकू मास्तरांना म्हणाल्या, “करेगी. पहला इसी का. उसके नीचे मेरा ले लेना.”