साईड संपली की वळायचं

माझा थोरला भाऊ जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला. अडकलेल्या लिफ्टच्या दाराशी उकिडवा बसून तो आतल्या माणसांशी अशा गप्पा छाटायचा, की दार उघडल्यावर काही जणांना गप्पा अर्धवट राहिल्याची हळहळ वाटायची. घरी मात्र तोंडात मिठाची गुळणी. वहिनी म्हणायची, "मी एकदा लिफ्टमध्येच राहायला जाते, म्हणजे तरी बोलाल माझ्याशी." त्याला बोलतं करायचा एकच उपाय होता. गाडीत बसवायचं आणि आमच्या शाळा सुटलेल्या उन्हाळ्यातली गाणी लावायची.

हल्ली त्याची आठवण दगा द्यायला लागली होती. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा, शेजाऱ्याला तो कंपनीतला साहेब समजून सलाम ठोकायचा. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. त्याचा मुलगा, माझा भाचा, किल्ली काढून घ्यायला निघाला तेव्हा मीच आडवी आले. "रोज दुपारी जातो आणि रोज घरी येतो ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?" असं त्याला फटकारलं. दादाकडून सगळंच काढून घ्यायचं, तर माणसाने करायचं काय? माझं मत आजही बदललेलं नाही.

त्या दिवशी तो आला नाही.

मी पोचले तेव्हा वहिनी दारातच उभी होती. दादाचा फोन आत टेबलावर चार्जिंगला लावलेला. भाचा बाजारपेठ, दवाखाना, जुनं ऑफिस, सगळं पालथं घालून आला होता. उन्हं कलली होती आणि अंधारात दादाला समोरच्या दिव्यांनी काही म्हणजे काही दिसत नाही.

"आत्या, तूच म्हणालीस ना, येतो म्हणून?" भाचा माझ्यावर खेकसला.

"ओरडू नकोस. आज काय वेगळं झालं ते सांग."

"काही नाही. उलट सकाळी खुशीत होते. त्यांचा गाडीतला तो खरखरणारा टेप काढला आणि नवा बसवून दिला. पेन ड्राइव्हमध्ये त्यांची सगळी गाणी भरली. शोधून शोधून, शेकड्याने."

"कॅसेट नाही? म्हणजे ती गाणी संपणार कधी?"

"संपत नाहीत. शेवटचं झालं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच तर—"

"चल. गाडी काढ."

वाटेत त्याला सांगितलं. दादाची पहिली गाडी म्हणजे चार चाकांवरचं डबडं. उन्हाळाभर गॅरेजमध्ये राबला म्हणून मालकाने भंगारातली गाडी त्याला देऊन टाकली होती. तिचा पेट्रोलचा काटा मेलेला. टाकी रिकामी असो नाहीतर भरलेली, काटा आपला 'भरपूर आहे' म्हणून सांगणार. एकदा भर उन्हात ढकलत आणल्यावर दादाने हिशोब बसवला. मोजून पेट्रोल घालायचं, कॅसेट लावायची आणि कालव्याच्या रस्त्याने सरळ जायचं. एक साईड जायला, दुसरी यायला. मी शेजारी बसायची. खिडक्या उघड्या, गाणी कानठळ्या बसतील इतकी मोठ्याने, त्यात बोललेलं काय ऐकू येणार? साईड संपत आली की मी हात पुढे करून तळवा उलटा करायची. म्हणजे कॅसेट उलटायची आणि गाडीही वळवायची. तो उन्हाळा संपला, ते डबडं भंगारात परत गेलं, पुढे धड काट्याच्या गाड्या आल्या. त्याची सवय मात्र गेली नाही. साईड संपल्याशिवाय दादा वळत नाही.

"मला कुणी सांगितलंच नाही," भाचा म्हणाला.

"विचारलंस कुणाला? आणि मला तरी कुठे सुचलं सांगायचं? पुढे बघून चालव."

बंद पडलेला साबणाचा कारखाना आला. इथे साईड संपते, इथे तो वळतो. फाटकासमोर कुणीच नव्हतं. त्याच्या पुढे कालव्याचा रस्ता ट्रकच्या मोठ्या रस्त्याला मिळतो. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या रस्त्याकडे बोट केलं.

बरंच अंतर गेल्यावर एका चढावर गाड्यांची रांग लागली होती. हॉर्नचा नुसता गोंगाट. रांगेच्या तोंडाशी दादाची गाडी, रस्त्याच्या मधोमध, बैलगाडीच्या चालीने. मागचा ट्रक तिला चिकटून चालला होता.

"पुढे घालून आडवी लावतो," भाचा म्हणाला.

"अजिबात नाही! तो दचकून ब्रेक मारेल आणि तो ट्रक त्याच्या डोक्यावर बसेल. बाजूने घे. हळू."

आम्ही त्याच्या बरोबरीला आलो. समोरून दिवे येत होते. मी काच खाली केली. आतलं गाणं माझ्यापर्यंत पोचलं, शब्दन् शब्द ओळखीचा. दादा घामाने डबडबला होता, दोन्ही हात स्टिअरिंगला जखडलेले, ओठ गाण्याबरोबर हलत होते. "दादा!" मी घसा फोडून ओरडले. तो मान वळवेना. भाचा म्हणाला, "आत्या, समोरून ट्रक येतोय, मला मागे घ्यावं लागेल."

मी कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकले आणि हात लांब करून तळवा उलटा केला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा करताना त्याची नजर माझ्या हातावर पडली.

त्याने आधी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भाच्याने गाडी मागे घेतली, समोरचा ट्रक घोंघावत गेला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दादाच्या गाडीचा इंडिकेटर लागला होता. तो शिस्तीत कडेला गेला आणि थांबला.

मी धावतच जाऊन त्याच्या शेजारचं दार उघडलं. गाणं चालूच होतं. ते बंद केलं तर केवढी शांतता झाली.

"कुठे उतरली होतीस तू?" तो रागावून म्हणाला. "केव्हाची वाट बघतोय. साईड संपेना, तू सांगेनास."

"चुकलं माझं. आता वळव."

त्याने किल्लीला हात लावला आणि तसाच ठेवला. भाचा बाहेर काचेशी येऊन उभा होता. दादाने त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि माझ्याकडे झुकून, त्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, विचारलं,

"गाणी सगळी पाठ आहेत गं मला. घर कुठे आहे आपलं?"

त्याने किल्ली काढली, माझ्या हातात दिली आणि माझी मूठ आपल्या हाताने मिटली.

"तू चालव," तो म्हणाला. "आणि मला पुन्हा देऊ नकोस."