डोळे आत्याचे नव्हते

नाय, आत्याचा हात थरथरत नव्हता. परत कुणी लिहिलंत तर ब्लॉक करीन.

आज वर्ष झालं तिला जाऊन आणि तुमच्या कमेंट काय, तर "शेवटी हात गेला होता बिचारीचा".

ऐका आता.

सुमनआत्या हमरापूरच्या आमच्या कारखान्यात आखणी करायची. म्हणजे गणपतीचे डोळे. सगळं रंगकाम संपल्यावर, श्वास रोखून, एका रेघेत.

मग डोंगरामागे खडीची खाण आली.
आत्याच्या रेघा वाकड्या जायला लागल्या.

"हात गेला गो माजा," म्हणाली.
मीच शहाणी. म्हटलं, "आत्या, बस कर आता."

एकदा मी शेजारी सोनेरी किनार मारत होते. तिची रेघ सटकली, तेव्हाच माझीही.
आणि मग सुरुंगाचा आवाज आला.

मग. नंतर.
जमीन आधी हलायची, आवाज मागून यायचा. म्हणून इतके महिने कळलंच नव्हतं.

खाणीच्या कंपनीला अर्ज मीच लिहिला. एमए मराठी ना मी! "सुरुंगांमुळे डोळ्यांच्या कामात अडथळा येतो."

कंपनीने आठवड्यात काय करावं?
मोफत नेत्रतपासणी शिबिर. बॅनरसकट.

"मावशी, खालची ओळ वाचा बघू."
"माजे नाय रे बाबा! गणपतीचे डोळे!"

अख्खी रांग हसली. सीएसआरचे साहेब लाल.
आत्याने त्यांना तसंच कारखान्यात आणलं, हातात ब्रश दिला, समोर फुटकी मूर्ती.

"मार रेघ."
"मला नाही जमणार हो."
"मार तर."

पाचव्या की सहाव्या रेघेला ब्रश सटकला. मग आवाज.
साहेब आपल्या हाताकडे बघत बसले.

"तुजा पण हात गेला काय रे?"
इतक्या महिन्यांनी हसली ती. डोळे पुसत हसली.

त्यानंतर सुरुंग फक्त दुपारी एकला. आधी भोंगा.
भोंगा झाला की ब्रश खाली. "चला गो, कंपनी जेवायला बोलावते."

गेल्या सीझनपर्यंत आखणी केली तिने. एक रेघ चुकली नाही.
(शिबिरातला चष्मा मात्र परत दिला नाही.)

आत्या, हात शाबूत घेऊन गेलीस. मला तेवढं पुरे. नमस्कार गो.

पाऊण वाजलाय. भोंग्याच्या आत एक जोडी डोळे काढायचेत मला.
कमेंट बंद करतेय. चालले.