दसऱ्याला सरळ केलेलं स्टिअरिंग

आमच्या घरात देवांपेक्षा ट्रकला जास्त आंघोळी मिळाल्या आहेत. वडिलांनी घेतलेला तो जुना ट्रक. बमरोलीच्या यंत्रमागांवरून कोऱ्या कापडाचे तागे भरायचे आणि पर्वत पाटियाजवळच्या गोदामात उतरवायचे, एवढाच त्याचा संसार. वडील गेल्यावर मालक मी झालो, म्हणजे कागदावर. गाडी चालवायचे माझे मावसा. धुळ्याकडचा माणूस, बोलणं अहिराणीत आणि तेही मोजकं. मी शाळेत भूगोल शिकवतो. तरीही गाडीतलं मला मावसांपेक्षा जास्त कळतं, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती.

दसऱ्याच्या आठवड्यात मावसा म्हणाले, "स्टेरिंग तिरपं व्हई गयं. एकदाव मिस्तरीले दखाड."

मी चढून पाहिलं. खरंच तिरपं होतं. चाकं सरळ उभी, आणि स्टिअरिंग मात्र उजवीकडे कललेलं. दसऱ्याच्या सकाळी मावसा झेंडू आणायला गेले, तोवर मी घरातला हार स्टिअरिंगला घातला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढला. फोटोत हार असा लोंबत होता, जणू ट्रकच पिऊन आलाय. एवढ्याशा कामाला मिस्त्री कशाला? मी पाना घेतला, मधला नट सोडवला, दोन-चार घाव घालून स्टिअरिंग उपसलं आणि दांड्यावरचे चार दाते सोडून सरळ बसवलं. दुसरा फोटो झकास आला. ग्रुपवर सत्तावीस जणांनी हात जोडले. परतलेल्या मावसांनी स्टिअरिंगकडे बघून समाधानानं मान हलवली. त्यांनी काही विचारलं नाही, मीही माझी कारागिरी सांगत बसलो नाही.

दिवाळीनंतर ट्रक डावीकडे घासू लागला. आधी फुटपाथची कड, मग पर्वत पाटियाला एका चहावाल्याचं बाकडं. बाकड्यावर कुणी नव्हतं हे नशीब. चहावाल्यानं मात्र तीन भाषांत आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

मग मी तपास हाती घेतला. टायरमधली हवा पाहिली, दोन्हीकडे सारखी. पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहिले, गाडी तरी डावीकडेच. स्टिअरिंग तर सरळ, ते मीच सरळ केलेलं. उरलं काय? उरला ड्रायव्हर. मावसांना तेव्हा त्रेसष्टावं चालू होतं.

"मावसा, तुमचा डावा हात थरथरतो का हो?" मी विचारलं.

"मना हात बरा शे," ते म्हणाले. पण बोलताना त्यांनी हाताकडे पाहिलं.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मास्तर पडलो, परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडेना. मावशीच्या डब्यातली सुई आणि दोरा त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो, ओवून दाखवा. मावसांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. मी म्हणालो, "एखाद्या वेळी कुणालाही जमतं." आज हे लिहिताना स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी मावसांनी किल्ली आणून टीव्हीपाशी ठेवली. "दुसरा माणूस देख," म्हणाले. वाद नाही, रुसवा नाही. मला वाटलं, काय समजूतदार माणूस आहे!

नवा ड्रायव्हर आला. दंड माझ्या मांडीएवढे. तो कतारगामपर्यंत जाऊन तासाभरात परतला आणि किल्ली माझ्या हातावर आपटून म्हणाला, "ये गाड़ी है या बकरी? जिधर घास, उधर जाती है." घास म्हणजे अर्थातच डावी बाजू.

शेवटी ट्रक बमरोलीच्या मिस्त्रीकडे नेला. त्याच्याकडे ना संगणक, ना काही. त्यानं सुतळी काढली. उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणली, गाठ मारली. तीच सुतळी डावीकडे लावली तर चार बोटं सैल पडली. मग तो गाडीखाली शिरला. डाव्या स्प्रिंगच्या पाट्यांमधला, पुढच्या चाकांचा आस जागेवर धरून ठेवणारा बोल्ट तुटला होता. आस त्या बाजूनं मागे सरकलेला, म्हणून गाडी तिकडेच ओढत होती.

"असं झालं की पहिल्यांदा स्टेरिंग वाकडं होतं," मिस्त्री त्याच्या गुजराती मराठीत म्हणाला. "तुमचं झालं नाही?" आणि केबिनमध्ये चढून त्यानं मधलं झाकण काढलं. दांड्यावरची खूण एकीकडे, स्टिअरिंगची दुसरीकडे. "आ कोणे खोल्युं?"

"मी," म्हणालो. "दसऱ्याला. हार वाकडा दिसत होता."

मिस्त्री हसता हसता टायरवर बसला. मग शेजारच्या दोन गॅरेजवाल्यांना बोलावून त्यानं मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. माझं बोलणं इतकं मन लावून शाळेत कधी कुणी ऐकलेलं नाही.

संध्याकाळी किल्ली घेऊन मावसांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मावसा म्हणाले, "स्टेरिंग सरळ दिखनं. मी म्हनं, पोऱ्यानी गाडी नीट करी. मंग बी ती डावीकडे जाये. म्हनं, आते आपलाच हात गया."

मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "महिनाभर ओट्यावर बसून हात पुढे धरून बघत होते. भरला कप उचलत नव्हते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी किल्ली पुढे केली. मावसांनी ती घेतली नाही. उठून मावशीचा डबा आणला, सुई आणि दोरा माझ्या हातात दिला.

"आते तू ओव."

मी दोऱ्याचं टोक तीनदा ओलं केलं. मावसा माझ्या हाताकडे बघत होते, मावशी दारात येऊन उभी राहिली होती. दोरा कधी सुईच्या अलीकडे, कधी पलीकडे. माझा हात चांगलाच थरथरत होता.