माळवदाखालचं इंग्रजी

शिवकन्याबाईंची इंग्रजीची शिकवणी माझ्या पिठाच्या गिरणीसमोर, लिंबाजीतात्यांच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या खोलीत भरायची. बाई बोलायला मऊ, पण हट्टाला पेटल्या की कुणाला जुमानायच्या नाहीत. मला ते आवडायचं.

हिअर आणि लिसन यांतला फरक शिकवताना त्या पोरांना डोळे मिटायला लावायच्या. “कानावर आपोआप पडतं ते हिअर. आपण कान देतो ते लिसन. द्या आता कान.” पोरं सांगायची, गिरणी, एसटी, कोंबडा. एकदा प्रतीक्षा नावाची पोर म्हणाली, “बाई, वर तुळईत कायतरी कटकटतंय.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. भूकंपात त्यांचं आजोळ असल्याच मातीच्या छताखाली गेलं होतं.

माळवद गळू नये म्हणून तात्या दर पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायचे. सगळेच टाकतात. पण आधी जुनी खरवडून काढायची असते, आणि तात्यांनी आळसानं वर्षानुवर्षं नुसते थरावर थर चढवून तुळयांवरचं वजन वाढवलं. बाईंनी विषय काढला तर म्हणाले, “वाळवी हाय ती. माझ्या बापाचं माळवद हाय, मला नका शिकवू.” मी मध्ये पडलो, तर मलाच झापलं. त्या हेकटपणाचा मला अजून राग येतो.

बाईंनी पोरं बाहेर लिंबाखाली बसवली. तात्यांना ते झोंबलं. मग झड लागली, पोरं भिजू लागली, आईबाप कुरकुरू लागले. तात्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, “या की आत. का तुमचं इंग्रजी भिजल्याबिगर येत न्हाय?”

बाई पोरांना रस्त्यापलीकडं माझ्या पत्र्याखाली उभं करून एकट्याच आत गेल्या. लाईट गेल्यानं गिरणी बंद होती, त्यामुळं दोघांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. बाईंनी डोळे मिटले. कटकट नव्हती.

“बघा, मेली वाळवी,” तात्या खुशीत म्हणाले.

“तात्या, बाहेर चला! थांबलं म्हणजे लाकडात तडकायला काही उरलं न्हाय!” बाईंनी त्यांचा हात धरून ओढला. तात्यांनी तो झटकला आणि मुद्दाम खोलीच्या मधोमध मांडी घालून बसले.

“बसलो बघा. आता तरी पटलं का?”

बाई मला हाक मारायला दाराबाहेर आल्या. मी रस्ता ओलांडायच्या आतच तो आवाज झाला. त्याला कुणी कान द्यायची गरज नव्हती.

आता शिकवणी माझ्या पत्र्याखाली भरते. डोळे मिटा म्हटलं की पोरं आधी वर बघतात.