देव्हाऱ्यातला पाचवा

माझी बायको सुमन वारली तेव्हा आमच्या देव्हाऱ्यात पाच देव होते आणि त्यांतले चार मला ओळखता येत होते.

गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि आमचा कुलदेव. पाचवा म्हणजे बोटाएवढा पितळेचा तुकडा. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला तिरका कापलेला, आणि त्या तिरक्या जागी नखाएवढा आरसा बसवलेला. अंगावर तीन रेघांची खूण, त्रिशूळासारखी. ही त्याला रोज आंघोळ घालायची, सोमवारी चिंचेने घासायची आणि हळदीकुंकू लावताना आरसा तेवढा सोडायची. हा कोण, असं मी कधी विचारलं नाही. नवऱ्याने देव्हाऱ्यात आणि मसाल्याच्या डब्यात बोट घालू नये, असं माझं मत. (विक्रोळीच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात जन्म गेला. तिथेही खोक्यात काय आहे ते मी कधी विचारलं नाही.)

ती गेल्यावर पूजा माझ्याकडे आली. मी सातवी पास, मंत्र कुठून येणार? देव ताटात घेतो, नळाखाली धरतो, पुसतो, जागेवर ठेवतो. चार देव पटापट होतात. पाचव्याला वेळ लागतो. हिने घासून घासून त्याला एका बाजूला अंगठ्याएवढा खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बसत नाही, मोठा पडतो. तरी रोज ठेवून बघतो.

वर्षश्राद्धाला माझा मेहुणा प्रभाकर मुलुंडहून आला. पोटभर जेवला, हात धुतले आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"भावोजी, हा आमचा देव."

"कुठला?"

"हा आरशाचा. आमच्या बाबांनी ताईला लग्नात दिला, भावनेच्या भरात. पण देव मुलीबरोबर सासरी जात नसतात. परत घेऊन जातो."

"एवढ्या वर्षांत आठवण नाही झाली ती?"

"आमच्या मंगेशचं लग्न जमत नाहीये ना. गुरुजींनी पत्रिका बघितली. म्हणाले, तुमच्या घरातला एक देव बाहेर राहतोय, भाड्याने राहिल्यासारखा."

मंगेशला मी बघितलंय. त्याचं लग्न देव घरात नाही म्हणून अडलेलं नाही, मंगेश घरात आहे म्हणून अडलंय. पण श्राद्धाच्या दिवशी असं बोलू नये, म्हणून मी निम्मंच बोललो.

"बरं, कुठला देव आहे तेवढं सांग आणि घेऊन जा."

प्रभाकरने घसा साफ केला. "उग्र आहे. नाव घेत नाहीत त्याचं."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"तुम्हाला तरी कुठे माहीत आहे?"

तेवढ्यात माझी सून सायली पदराला, म्हणजे ड्रेसला, हात पुसत बाहेर आली. ती बँकेत आहे. लोकांचं रडगाणं ऐकून पुढचा टोकन नंबर पुकारायची तिला सवय.

"मामा, आपण हे काय आहे ते शोधू. देव निघाला तर तुम्ही न्या. नाही निघाला तर बाबांकडे राहील. रविवारी या."

प्रभाकर तयार झाला. जाताना गुंडाळायला लाल फडकंही ठेवून गेला. आपला देव हा देव निघू नये, अशी आशा धरून बसलेला अख्ख्या घाटकोपरमध्ये मी एकटाच असेन.

सायलीने फोटो काढून मोबाइललाच विचारलं. मोबाइल म्हणाला, नळाची तोटी. उलटा धरल्यावर म्हणाला, हुक्क्याचा भाग. हळदीकुंकवासकट फोटो काढला तर म्हणाला, पिझ्झा. मग मी तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरसा दिव्याखाली धरला. "आरसा तोंडात घालायचाच दिसतोय काका, पण माणसाच्या नाही. घोड्याच्या असेल."

घोड्याच्या तोंडातला देव खिशात घालून जिना चढत होतो, तर सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक भेटले. कर्णिकांना इतिहासाचा नाद. कुठलीही गंजलेली वस्तू दाखवा, ती शिवकालीन असते. आमच्या इमारतीची पाण्याची टाकी त्यांनी अजून शिवकालीन का ठरवली नाही, हे कोडंच आहे.

"अहो काका, हे हेरांचं साधन," कर्णिक कुजबुजले. "तटाआडून शत्रू बघायचं. डोकं बाहेर न काढता. शिवकालीन."

"नक्की?"

"त्रिशूळ बघा की. अजून काय लिहून देऊ?"

माझा जिना चढून व्हायच्या आत त्यांनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. संध्याकाळी बेल सुरू झाली. निम्मे लोक इतिहास बघायला आले आणि निम्मे, देव्हाऱ्यातली वस्तू म्हणून, नारळ घेऊन आले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, याला नैवेद्य काय लागतो? मी म्हटलं, रायगडावर विचारून सांगतो. त्या 'हो चालेल' म्हणाल्या.

फोटो फिरत फिरत मुलुंडला पोचला. प्रभाकरचा फोन.

"भावोजी, शिवकालीन आहे आणि आमचा आहे. आमच्या घराण्याचं काहीतरी मोठं निघतंय बघा."

त्याने फोन ठेवला आणि कर्णिक दारात. "काका, असा ठेवा खाजगी घरात राहू नये. सोसायटीच्या ऑफिसात काचेची पेटी करू. खाली तुमचं नाव टाकू. बारीक."

आता मागणारे दोन झाले. मी देव्हाऱ्याला कुलूप घातलं. मंगळसूत्र वगळता हिच्या कुठल्या वस्तूला आमच्या घरात कधी कुलूप लागलं नव्हतं.

रविवारी दोघे सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते, एकमेकांकडे न बघता. सायली फोन घेऊन आली.

"मी जुन्या हत्यारांचा नाद असलेल्या परदेशी लोकांच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. इंग्लंडातल्या एका आजोबांचं उत्तर आलंय. त्यांच्याकडे असेच दोन आहेत."

"तिकडेही पोचलाय आपला देव?" प्रभाकरने छाती पुढे काढली.

"मामा, ऐका. हे जुन्या लष्करी रायफलचं सामान आहे. रायफल मागून उघडायची, हे आत बसवायचं. पुढच्या तोंडातून नळीत उजेड येतो, तो या आरशावर पडतो आणि वरून बघणाऱ्याला नळी आतून दिसते. घाण आहे का, गंज आहे का. शिपायाने बंदूक साफ केलीय की नुसतं तेल फासलंय, ते साहेब यातून तपासायचा."

"आणि त्रिशूळ?" कर्णिकांनी क्षीण आवाजात विचारलं.

"बाण आहे तो. इंग्रजांच्या वेळेपासून सरकारी मालावर मारायचे. म्हणजे सरकारी मालमत्ता."



"प्रभाकर," मी म्हणालो, "तुझे बाबा कुठे कामाला होते रे?"

प्रभाकर पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. सासरे लष्कराच्या भांडारात कारकून होते. त्यांच्या घरचा कंदील, बादल्या, घोंगड्या, सगळ्यावर हाच त्रिशूळ होता. लग्नाआधी मी बघायला गेलो तेव्हा मला वाटलं, काय भाविक घराणं आहे.

"भावोजी," प्रभाकर उठला, "देव शेवटी जिथे रमतो तिथला. तुमच्याकडेच राहू दे. आणि बाबांनी दिला असं मी म्हणालो खरं, पण मला नीट आठवत नाही. ताईनेच आणला असेल कुठून तरी."

कर्णिक मान खाली घालून ग्रुपवरचा फोटो पुसत होते. "काका, मी हे कधी हातात घेतलं नव्हतं, बरं का."

"तटाआडून बघितलंत ना?"

दोघे गेले. प्रभाकर लाल फडकंही विसरला.

मी जिंकलो. मुकाट्याने वस्तू जागेवर ठेवून चहा प्यायला हवा होता. पण मनात आलं, हिने जन्मभर याला न्हाऊ घातलं आणि यातून एकदाही काही बघितलं नाही. निदान मी बघावं. घरात रायफल नाही. नळी म्हणावी अशी एकच गोष्ट, बेसिनचा पाईप. जाळी काढली, बॅटरी लावली, ओल्या हाताने तो तुकडा आत धरला. काळं काळं काहीतरी दिसलं. म्हटलं, जरा खाली.

टण्.

जे प्रभाकरला नेता आलं नाही, कर्णिकांना नेता आलं नाही, ते मी स्वतःच्या हाताने गटाराच्या वाटेला लावलं.

"सायली, नळ सोडू नको. कुठलाच."

ती धावत आली. "काय झालं, बाबा?"

"तपासत होतो."

"काय?"

"बेसिन."

 ती खाली बादली ठेवून फरशीवर बसली आणि पाईपाच्या वळणाखालचं झाकण फिरवायला लागली. काळं पाणी आलं. केसांचा पुंजका आला. टूथपेस्टचं टोपण आलं. मग काहीच येईना. 

ही आयुष्यभर मागे लागायची, "अहो, एकदा तरी हात जोडा, झिजत नाहीत ते." प्रत्येक देवळाबाहेर मी चपला राखत उभा असायचो. त्या दिवशी जोडले. डोळेसुद्धा मिटले. समोर बेसिन.

बादलीत खण्णकन आवाज झाला. डोळे उघडले तर तो तुकडा चिखलात पडलेला, आरसा धड, आणि सायली कोपरापर्यंत काळ्या हातांनी माझ्याकडे बघत होती.

"बाबा, तुम्ही नमस्कार करत होतात?"

"छे गं," मी म्हणालो, "हात पुसत होतो."