शनिवारी काढलेली, सोमवारी कामावर

शालनताई ओव्हाळ आणि मी, शर्मिला, दोघी येरवड्याच्या. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आम्ही ठेकेदाराकडे कामाला होतो. दोन हजार माणसांच्या पोळ्यांची कणीक मळायचं मशीन ताई चालवायच्या. मशीनवरची जाळी तुटली होती. ताई महिनाभर सांगत होत्या, पण कोणी मनावर घेतलं नाही. मागच्या वर्षी एका सोमवारी त्यांचा हात आत ओढला गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मीच टॉवेल गुंडाळून त्यांना दवाखान्यात नेलं.

आठ दिवसांनी, टाकेही निघाले नव्हते, तेव्हा सुपरवायझर पृथ्वीराज घरी पत्र घेऊन आला. ताईंना कामावरून कमी केलं होतं. पत्रावर तारीख मात्र अपघाताच्या आधीच्या शनिवारची!

"त्यामुळे भरपाई वगैरे काही बसत नाही, मावशी," तो म्हणाला.

सगळे म्हणाले, सोडून द्या. ताई म्हणाल्या, "नोकरी त्यांची होती, काढून घेतली. बोटं माझी होती."

त्या थेट कामगार कार्यालयात गेल्या. तिथल्या बाईंनी समजावलं, नंतर कामावरून काढलं तरी भरपाईचा हक्क जात नाही; अपघात कामावर असताना झाला, एवढं दाखवा. अर्जावर अंगठा चालेल, असं कारकून म्हणाला.

"चालेल हो, पण मला सही येते," ताई म्हणाल्या आणि डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, पूर्ण नाव लिहिलं.

त्यांनी मला साक्षीला ये असं एकदाही म्हटलं नाही. माझी नोकरी त्याच ठेकेदाराकडे होती, हे त्यांना ठाऊक होतं. चार रात्री मला झोप नव्हती. सुनावणीच्या दिवशी मी आपणहून जाऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी फक्त पदर सावरून जागा करून दिली.

ठेकेदाराचे वकील दावा ऐकणाऱ्या आयुक्तांना सांगत होते, या बाई शनिवारपासून कामावर नव्हत्याच. ताई उठल्या. पट्टी सोडलेला हात टेबलावर ठेवला.

"वकीलसाहेब, शनिवारीच काढलं होतं, तर सोमवारी हा हात आपल्या मशीनमध्ये काय पाहुणा म्हणून गेला होता?"

आयुक्तांनी कंपनीच्या गेटवरची नोंद मागवली. सोमवारी सकाळी सहा चाळीस, शालन ओव्हाळ, आत. मग मी जे पाहिलं ते सांगितलं.

निकाल ताईंच्या बाजूने लागला. भरपाई व्याजासकट मिळाली आणि महिन्याभरात मशीनवर नवी जाळी बसली. ठेकेदार ताईंना परत घेणार नव्हता आणि त्याही जाणार नव्हत्या. आता त्या घरूनच डबे देतात.

मला काढायची हिंमत त्याला झाली नाही. पोळ्यांवरून भांड्यांवर टाकलंय, इतकंच. नव्या आलेल्या मुली विचारतात, तेव्हा साक्ष कोणी दिली? मी हात पुसते आणि सांगते, मी दिली.